सोबत उतारा जोडला आहे

दर महिन्याच्या तीन तारखेला पहाटे आमच्या पतसंस्थेतून साडेचार हजारांच्या आसपास मेल जातात. सगळ्यांची पहिली ओळ एकच: ‘सप्रेम नमस्कार, सोबत आपल्या खात्याचा उतारा जोडला आहे.’ ही ओळ मी २०१९ मध्ये लिहिली, तेव्हा दोन मिनिटंही लागली नव्हती. ती प्रत्येक सभासदाच्या बाबतीत खरी ठरायला मात्र पुढची चार वर्षं गेली. ‘सोबत’ म्हणजे फाईल खरोखर असली पाहिजे. ‘आपल्या’ म्हणजे ती त्याच माणसाची असली पाहिजे. आणि ‘उतारा’ म्हणजे उताराच, सर्व्हरवरची दुसरी कुठलीही फाईल नव्हे. मेलला फाईल जोडणाऱ्या कोडमध्ये पाथ (फाईल डिस्कवर कुठे आहे तो पत्ता) तपासायचा म्हणजे या तीन शब्दांची जबाबदारी घ्यायची, असं मी आता मानते.

मी मिरजेत राहते आणि सांगली जिल्ह्यातल्या या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर एकटी सांभाळते. नऊ शाखा आहेत. मेलची कल्पना निघाली ती पुरामुळे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढत होती, तेव्हा आयर्विन पुलाजवळच्या पातळीचा आकडा व्हॉट्सॲपवर यायचा आणि तो बघून आम्ही शाखेतलं कुठलं दप्तर वरच्या मजल्यावर न्यायचं ते ठरवत होतो. दोन शाखांत तेवढा वेळ मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर खतावण्या आणि पावत्यांच्या स्थळप्रती बाहेर काढल्या, त्या हाताला लगद्यासारख्या लागल्या. सप्टेंबरच्या सभेत ठरलं, की दर महिन्याला प्रत्येक सभासदाला उतारा मेलने जाईल, म्हणजे एक प्रत तरी संस्थेच्या भिंतींबाहेर राहील. तीन आठवड्यांत मी पीएचपीमध्ये प्रोग्राम लिहिला, मेलसाठी पीएचपीमेलर ही लायब्ररी घेतली आणि ऑक्टोबरच्या तीन तारखेला पहिली खेप सोडली.

साडेदहाला मुख्य शाखेतून लेखापाल ताईंचा फोन आला. "अहो ताई, मेल आलाय, पण त्यात उतारा कुठाय? तिघं सभासद काउंटरला उभे आहेत, बघा की जरा."

उतारे बनवणारा प्रोग्राम महिन्याचं फोल्डर ‘०९’ या नावाने बनवत होता आणि मेलचा प्रोग्राम ‘९’ मध्ये शोधत होता. एवढंच. फाईल सापडली नाही. पण मग मेल गेला कसा? पीएचपीमेलरचा ऑब्जेक्ट बनवताना अपवाद फेकण्याची, म्हणजे चूक झाली की काम तिथेच थांबवून तसं सांगण्याची, सोय मुद्दाम चालू करावी लागते. ती चालू नसेल, तर ‘ॲडअटॅचमेंट’ला फाईल वाचता आली नाही की ते फक्त ‘फॉल्स’ परत देतं आणि गप्प राहतं. मी ते उत्तर बघतच नव्हते. पुढच्या ओळीत ‘सेंड’ होतं, ते चाललं. सभासदांच्या हातात एक पत्र पडलं, ज्यात लिहिलेलं होतं की सोबत उतारा आहे, आणि सोबत काहीच नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी दोन गोष्टी केल्या, त्या आजही तशाच आहेत. एक, अपवाद चालू केले. दुसरी जास्त महत्त्वाची: आधी सगळ्या सभासदांच्या सगळ्या फाईली तपासायच्या आणि मगच पहिला मेल सोडायचा. एखादी फाईल मिळाली नाही तर त्या एका सभासदाचा मेल थांबवून ठेवायचा आणि त्याची नोंद सकाळी लेखापाल ताईंच्या पडद्यावर दिसायची. अटॅचमेंटशिवाय मेल पाठवणं हा पर्याय कोडमधून काढूनच टाकला. खूपजण लिहितात, ‘फाईल असेल तर जोडा’. ज्या मेलचं सगळं प्रयोजनच ती फाईल आहे, तिथे त्या ‘असेल तर’ला जागा नसते.

पाथ तपासणं म्हणजे फाईल आहे की नाही हे बघणं, एवढाच अर्थ माझ्या डोक्यात तेव्हा होता. तो तीन वर्षं टिकला.

२०२२ मध्ये सगळी यंत्रणा पायथनमध्ये नव्याने लिहायला घेतली. उताऱ्यांखेरीज शाखांमधून परिपत्रकं, कर्जाच्या थकबाकीच्या नोटिसा, वार्षिक सभेची पत्रं असंही बरंच काही मेलने जायचं. त्यासाठी एक पडदा होता: कुणाला, विषय, मजकूर आणि शेवटी ‘जोडायची फाईल’ असा एक चौकोन. कर्मचारी त्यात फाईलचं नाव टाकायचे, प्रोग्राम ते ‘/डेटा/परिपत्रके’ या फोल्डरला जोडून फाईल उचलायचा. जुन्या कोडमध्ये होतं तेच मी नव्यात उतरवलं, फक्त जोडकाम पायथनच्या ‘ओएस.पाथ.जॉइन’ने केलं.

जुलैतला रविवार होता, बाहेर पाऊस लागून राहिला होता आणि मी एकेक पडदा तपासत होते. त्या चौकोनात काहीबाही टाकून बघताना मी ‘/एटसी/पासडब्ल्यूडी’ असं लिहिलं, पत्ता स्वतःचा दिला आणि बटण दाबलं. शेजारी ठेवलेला फोन वाजला. मेल आला होता, संस्थेच्या नावाने, खाली संस्थेची सही आणि बोधचिन्ह, आणि सोबत सर्व्हरवरच्या सगळ्या यूझरांची यादी. त्या फाईलमध्ये हल्ली पासवर्ड नसतात हे मला माहीत होतं, म्हणून मी पुढचं पाऊल टाकलं: आमच्याच प्रोग्रामच्या सेटिंगच्या फाईलचा पूर्ण पाथ टाकला. तीही आली. तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड होता, साध्या अक्षरांत. अकरा हजार सभासदांची खाती त्या एका ओळीच्या पलीकडे होती.

मी बराच वेळ काही न करता बसून राहिले. मग कारण शोधलं. ‘ओएस.पाथ.जॉइन’ला दिलेला दुसरा भाग स्लॅशने सुरू होत असेल, तर ते पहिला भाग टाकून देतं. हे पायथनच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे. नव्या ‘पाथलिब’मधलं तिरक्या रेघेने पाथ जोडणंही असंच वागतं. पीएचपीमध्ये मी दोन स्ट्रिंग नुसत्या एकापुढे एक ठेवत होते, त्यामुळे तिथे ‘/डेटा/परिपत्रके//एटसी/पासडब्ल्यूडी’ असा अस्तित्वातच नसलेला पाथ तयार व्हायचा आणि फाईल मिळायची नाही. म्हणून जुना कोड सुरक्षित होता का? नाही. तिथे ‘../../एटसी/पासडब्ल्यूडी’ टाकलं असतं तर तेच झालं असतं. दोन टिंबं म्हणजे एक फोल्डर वर. ते दार तीन वर्षं उघडं होतं, कुणी ढकलून बघितलं नव्हतं इतकंच.

आमच्या तीसेक कर्मचाऱ्यांवर माझा विश्वास होता आणि आजही आहे. पण शाखेतल्या एखाद्या संगणकाचा पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला मी पाहिलेला आहे. तो ज्याच्या हाती लागेल त्याला आमचा सर्व्हर हवी ती फाईल स्वतःच्या हाताने, पाकिटात घालून पाठवणार होता. वेबवरून फाईल डाउनलोड होण्यापेक्षा हे मला जास्त भयंकर वाटतं. मेल एकदा गेला की तो दुसऱ्याच्या सर्व्हरवर, फोनवर, बॅकअपमध्ये राहतो. तो परत मागवता येत नाही. आणि तो आमच्या डोमेनवरून, आमच्या डिजिटल सहीने गेलेला असतो.

पहिला उपाय जो सुचतो तो सगळ्यांना सुचतो: नावातून ‘../’ काढून टाकायचं. मीही तेच केलं आणि मग स्वतःच त्याच्याविरुद्ध बसले. ‘....//’ असं लिहिलं तर? मधलं ‘../’ निघून गेल्यावर उरलेली अक्षरं एकत्र येतात आणि पुन्हा ‘../’ तयार होतं. विंडोजवर उलटी तिरकी रेघही चालते, वेबवरून येताना टिंबं टक्क्याच्या चिन्हाने लिहून आणता येतात. वाईट अक्षरांची यादी करून ती पुसायची, या वाटेला शेवट नाही. शिवाय पुसल्यामुळे कर्मचाऱ्याने मागितलेल्या फाईलऐवजी भलतीच एखादी फाईल मिळण्याची शक्यता तयार होते. मागणी चुकीची असेल तर ती नाकारावी, दुरुस्त करून घेऊ नये.

दुसरा उपाय: पूर्ण पाथ बनवायचा आणि तो आपल्या फोल्डरच्या नावाने सुरू होतो का ते बघायचं. इथेही एक खड्डा आहे. आमच्या सर्व्हरवर ‘/डेटा/उतारे’ होतं आणि शेजारीच ‘/डेटा/उतारे_जुने’ होतं. अक्षरांची नुसती सुरुवात जुळवली तर दुसरं फोल्डरही पहिल्यात मोजलं जातं. पाथ ही अक्षरांची माळ नाही, तो पायऱ्यांचा जिना आहे. तुलना पायरी-पायरीने करायला हवी. पायथनच्या ३.९ आवृत्तीपासून ‘इज-रिलेटिव्ह-टू’ हे त्यासाठी आहे. पण तेही नुसतं अक्षरांवर चालतं, डिस्ककडे बघत नाही, दोन टिंबांचा अर्थ लावत नाही. ‘/डेटा/उतारे/../सेटिंग’ हा पाथ त्याच्या मते ‘/डेटा/उतारे’च्या आतच आहे. म्हणून आधी ‘रिझॉल्व्ह’ करायचं, म्हणजे टिंबं सोडवून आणि लिंकांचा (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या नावांचा) माग काढून खरा पाथ मिळवायचा, आणि मगच विचारायचं की तू आत आहेस का. क्रम उलटा झाला तर तपासणी असून नसल्यासारखी.

हे लावलं आणि दुसऱ्या दिवशी एकही परिपत्रक जाईना. मुख्य शाखेचे व्यवस्थापक साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही फारच कडक कुलूप लावलंय, आम्हालाच आत सोडत नाही." कुलूप चुकीचं बसलं होतं. पुरानंतर आम्ही सगळी कागदपत्रं नव्या डिस्कवर हलवली होती आणि ‘/डेटा/परिपत्रके’ ही आता फक्त एक लिंक होती, खरं फोल्डर ‘/डिस्क२’वर होतं. मी फाईलचा खरा पाथ काढत होते, पण ज्याच्याशी तुलना करायची त्या फोल्डरचा मात्र लिहिलेलाच पाथ वापरत होते. ‘/डिस्क२/परिपत्रके/...’ हा ‘/डेटा/परिपत्रके’च्या आत नाही, हे उत्तर अगदी बरोबर होतं. दोन्ही बाजू रिझॉल्व्ह करायला हव्यात. एका ओळीची दुरुस्ती, पण त्या एका दिवसात तपासणी काढूनच टाका असं सांगणारे तीन फोन येऊन गेले. चुकीने अडवणारी तपासणी लोक फार दिवस ठेवू देत नाहीत, म्हणून ती बिनचूक असण्याला दुप्पट महत्त्व आहे.

इथे पीएचपीमेलरचीच एक हकीकत सांगते, कारण आमच्या दोन जुन्या प्रोग्रामांत ती लायब्ररी अजून होती आणि मला ही हकीकत वाचून धक्का बसला. २०१८ मध्ये ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत सॅम थॉमस या संशोधकाने दाखवून दिलं, की पीएचपीमध्ये ‘फार://’ ने (‘फार’ म्हणजे पीएचपीचा फाईलींचा संग्रह) सुरू होणारा पाथ एखाद्या साध्या फाईल-फंक्शनला दिला, तर त्या संग्रहात ठेवलेला डेटा आपोआप उलगडला जातो आणि त्यातून हल्लेखोराचे ऑब्जेक्ट जिवंत होतात. फाईल उघडायचीही गरज नाही. ‘ही फाईल आहे का?’ एवढं विचारलं तरी पुरे. म्हणजे जी ओळ मी ऑक्टोबर २०१९ नंतर काळजीपोटी आणि अभिमानाने लिहीत होते, तीच ओळ दार होऊ शकत होती. पीएचपीमेलरच्या ‘ॲडअटॅचमेंट’मधला हा दोष सीव्हीई या सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०१८-१९२९६ या क्रमांकाने नोंदला गेला आणि ६.०.६ व ५.२.२७ या आवृत्त्यांत बुजवला गेला: ‘काहीतरी://’ असा पाथ दिसला तर फाईलला हात न लावता आधीच नकार.

पुढचा भाग त्याहून शिकवणारा आहे. विंडोजवर नेटवर्कवरच्या फाईलचा पाथ दोन उलट्या रेघांनी सुरू होतो. असे पाथ वाचता येत नाहीत ही अडचण ६.१.८ मध्ये सोडवली गेली, आणि ती सोडवताना जुनं भोक पुन्हा उघडलं. सीव्हीई-२०२०-३६३२६. ते ६.४.१ मध्ये बंद झालं. पीएचपी ८.० पासून ‘फार’ फाईलींतला डेटा आपोआप उलगडणंच थांबलं, हा खरा मुळावरचा उपाय. लायब्ररी वर्षानुवर्षं जपणाऱ्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी दोन्ही वेळा उघडपणे लिहून ठेवलं म्हणून मिरजेत बसून मला ते कळलं. त्या दिवसापासून माझ्या तपासणीत एक क्रम पक्का आहे: डिस्कला स्पर्श करण्याआधी अक्षरांची तपासणी, मग डिस्कवरची.

मेल पाठवणारा कोड सोडाच, मेल वाचणाऱ्या प्रोग्रामांतही हाच रोग निघालेला आहे. १४ मार्च २०२३ ला मायक्रोसॉफ्टने आउटलुकमधला सीव्हीई-२०२३-२३३९७ हा दोष बुजवला. कॅलेंडरच्या आठवणीसाठी कुठला आवाज वाजवायचा, त्या आवाजाच्या फाईलचा पाथ पाठवणाऱ्याला ठरवता येत होता. तो पाथ स्वतःच्या सर्व्हरचा दिला, की आउटलुक ती फाईल आणायला जायचं आणि ओळख पटवताना वापरकर्त्याच्या पासवर्डचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेला ठसा, हल्लेखोराकडे पोचायचा. मेल उघडायचीही गरज नव्हती. आमच्या मुख्य शाखेतल्या चार संगणकांवर आउटलुक होतं. त्याच आठवड्यात मी ती स्वतः बसून अपडेट केली.

आता मराठीची गोष्ट. ही मला कुठल्याही इंग्रजी लेखात सापडली नाही आणि हिच्यासाठी एक अख्खी संध्याकाळ गेली, म्हणून जरा सविस्तर.

एका शाखेतून तक्रार आली, की ‘कर्मचाऱ्यांचे पगारपत्रक’ ही फाईल फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसते, पण जोडायला गेलं की ‘फाईल नाही’. मी नाव कॉपी केलं, जुळलं. त्यांनी टाइप केलं, जुळेना. स्पेलिंग, जागा, सगळं तपासलं. शेवटी दोन्ही नावांचे बाइट छापून शेजारी ठेवले आणि उलगडा झाला. ‘कर्मचाऱ्यांचे’मधला तो आपला खास मराठी ‘ऱ्या’. युनिकोडमध्ये तो एका वाटेने लिहिता येतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि ‘या’. दुसरी वाट: साधा ‘र’, हलन्त, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग ‘या’. तिसरीही आहे: ‘र’ला खाली नुक्ता, म्हणजे टिंब. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. नुक्त्याची वाट आणि ‘ऱ’ची वाट युनिकोडचं सामान्यीकरण केलं की एक होतात. पण न दिसणाऱ्या चिन्हाची वाट एक होत नाही; युनिकोडच्या लेखी ते वेगळंच नाव आहे. फाईल एका कीबोर्डवर नाव दिलेली होती, शोध दुसऱ्या कीबोर्डवरून चालला होता.

आणि हा शब्द दिसायला पाच अक्षरांचा असला तरी युनिकोडमध्ये तो १३ चिन्हांचा आहे, यूटीएफ-८ मध्ये ३९ बाइट. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाईल-व्यवस्थेवर फाईलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत फक्त ८५ चिन्हं, मात्रा आणि हलन्त धरून. विंडोजच्या एनटीएफएसवर ही मर्यादा बाइटांची नाही, २५५ सोळा-बिटी एककांची आहे. त्यामुळे ‘संचालक मंडळाच्या मासिक सभेचे इतिवृत्त व त्यासोबतची थकबाकीदारांची व जामीनदारांची शाखानिहाय सुधारित यादी’ असं नाव शाखेच्या संगणकावर आरामात बसतं आणि सर्व्हरवर चढत नाही. आपल्या ऑफिसांत फाईलींना अशीच नावं असतात, आणि असावीत, वाचून कळतं. त्यांना इंग्रजीत छोटी नावं द्यायला सांगणं मला पटत नाही. कोडने आपली सोय करावी.

या संध्याकाळीच मला सुचलं ते खरं तर पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. बाहेरून पाथ घ्यायचाच कशाला? आता फाईल सर्व्हरवर आली की तिला एक आकडा मिळतो, डिस्कवर ती त्याच आकड्याच्या नावाने राहते. मराठी नाव डेटाबेसमध्ये, हवं तेवढं लांब. कर्मचाऱ्याच्या पडद्यावर तो टाइप करायचा चौकोन नाही, यादी आहे, आणि यादीतून सर्व्हरकडे जातो तो फक्त आकडा. आकड्यात दोन टिंबं बसत नाहीत, ‘फार://’ बसत नाही, नुक्ता बसत नाही. मेलमध्ये फाईलला नाव देताना डेटाबेसमधलं मराठी नाव दिलं जातं. १९९७ च्या आरएफसी २२३१ या इंटरनेटच्या मानकाने अशा नावांसाठी पद्धत घालून दिलेली आहे आणि पायथनची लायब्ररी ती स्वतः पाळते, तेव्हा सभासदाला नाव मराठीतच दिसतं. डिस्कवरचं नाव आणि माणसाला दाखवायचं नाव या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

पाथची तपासणी तरीही ठेवली आहे, आकड्यामागून येणाऱ्या पाथसाठी. डेटाबेसमधली ओळसुद्धा कुणीतरी, कधीतरी चुकीची लिहू शकतं.

पण या सगळ्यातून ‘आपल्या’ हा शब्द खरा होत नाही. हे मला सांगितलं ते एका सभासद आजोबांनी, बोलून नव्हे, शाखेत येऊन. हातात छापील कागद घेऊन आले. उतारा योग्य फोल्डरमधला होता, पाथ शुद्ध होता, फाईल अखंड होती, आणि ती शेजारच्या गावातल्या, त्याच आडनावाच्या दुसऱ्या माणसाची होती. ते रागावले नव्हते. "त्याचं कर्ज मला कळलं, ह्ये बरं न्हाई झालं," एवढंच म्हणाले आणि कागद व्यवस्थापक साहेबांपुढे पालथा ठेवला. डेटा भरताना दोन सभासद क्रमांकांची अदलाबदल झाली होती. माझा कोड फाईल कुठे आहे एवढंच विचारत होता. ती कुणाची आहे, हे कधीच विचारत नव्हता.

म्हणून आता उतारा बनतानाच डेटाबेसमध्ये तीन गोष्टी लिहिल्या जातात: फाईलचा आकडा, खातेदाराचा सभासद क्रमांक आणि फाईलच्या मजकुराचा एसएचए-२५६ हॅश. मेल पाठवताना ज्याला मेल जाणार त्याचा सभासद क्रमांक आणि फाईलच्या ओळीतला क्रमांक जुळला पाहिजे. मेलचा पत्ता बदलला की जुन्या पत्त्यावर आणि नव्या पत्त्यावर, दोन्हीकडे खात्री करून घेतल्याशिवाय नव्या पत्त्यावर उतारा जात नाही. त्या आजोबांकडे मी स्वतः जाऊन आले.

शेवटची दुरुस्ती वेळेची होती. उतारे पहाटे दोनला बनायला लागतात, मेल साडेतीनला सुटतात. एका महिन्यात उतारे बनायला उशीर झाला आणि काही सभासदांना अर्धवट पीडीएफ गेल्या. मी पाथ तपासला तेव्हा फाईल होती, जोडली तेव्हाही होती, फक्त अजून लिहिली जात होती. तपासणं आणि वापरणं यांच्या मधल्या फटीत काहीही होऊ शकतं. फाईल बदलू शकते, तिच्या जागी लिंक येऊ शकते. आता उतारा आधी तात्पुरत्या नावाने लिहिला जातो आणि पूर्ण झाल्यावरच, त्याच डिस्कवर, त्याला खरं नाव मिळतं. नाव बदलणं एका दमात होतं, अर्धं होत नाही. पाठवणाऱ्या बाजूला फाईल एकदाच उघडायची. उघडलेल्या त्याच फाईलला विचारायचं, की तू साधी फाईल आहेस ना, फोल्डर किंवा आणखी काही नाहीस ना, आकार शून्य नाही ना. त्यातूनच बाइट वाचायचे, सुरुवातीला पीडीएफची खूण आहे का बघायचं, हॅश जुळवायचा आणि तेच बाइट मेलला जोडायचे. पायथनच्या ‘ॲड-अटॅचमेंट’ला पीडीएफसाठी बाइटच लागतात, पीएचपीमेलरमध्ये त्यासाठी ‘ॲडस्ट्रिंगअटॅचमेंट’ आहे. पाथ पुन्हा कुणाच्या हातात द्यायचा नाही. जे तपासलं तेच गेलं पाहिजे.

थांबलेल्या मेलची यादी आता लेखापाल ताई रोज सकाळी बघतात. तिच्यातले संदेश मी त्यांना विचारून लिहिले. आधी ‘पाथ अवैध’ असं काहीतरी होतं, त्यावरून त्यांना काय करायचं ते कळत नव्हतं. आता ‘या सभासदाचा उतारा सापडला नाही, मेल पाठवलेला नाही’ असं असतं आणि खाली फोन नंबर असतो.

या महिन्यात सात मेल थांबले. सहा जणांचे उतारे बनलेच नव्हते, खाती नवी होती. सातव्यापुढे लिहिलेलं होतं: ‘उतारा बनल्यानंतर फाईलमध्ये बदल झाला आहे.’ हा संदेश पहिल्यांदाच दिसत होता. मी फोन केला.

"अहो, ते मीच केलं," ताई म्हणाल्या. "त्यांचा पत्ता जुना होता, म्हणून पीडीएफ उघडून तेवढा दुरुस्त केला. छापून द्यायची होती ना काउंटरला."

मी त्यांना सभासदाच्या नोंदीत पत्ता बदलून उतारा पुन्हा कसा काढायचा ते फोनवरच दाखवलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी तो मेल गेला. उताऱ्यांचं फोल्डर शाखेच्या संगणकांवरून फक्त वाचण्यासाठी उघडं आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्यात लिहिण्याची परवानगीही राहून गेली होती. ती त्याच दुपारी काढून टाकली.